पिस्ता रंगाखालची ओल

१

पलंग भिंतीपासून दोन हात बाजूला ओढून झाल्यावर ओलबाईंनी चाकूचं टोक रंगाच्या फुगवट्यात घातलं आणि हलकेच उचललं. ताटाएवढा पापुद्रा सुटून त्यांच्या तळहातावर आला. पिस्ता रंग, चांगला महागातला. त्याच्याखाली ओलं प्लास्टर दिसायला हवं होतं. तिथे काहीतरी चकाकलं.

ओलबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लोकांच्या घरातली ओल शोधण्यात बावीस वर्षं गेल्यावर ते चिकटलं आणि बाईंनीही ते झटकायच्या भानगडीत न पडता सरळ पाटीवर लिहून टाकलं. इमारतींचं रीतसर शिक्षण, पिशवीत ओल मोजायचं यंत्र, जिभेला धार, आणि रंगाऱ्यांवर जन्माचा डूख. ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ हा विनोद त्यांना प्रत्येक घरात एकदा तरी ऐकवला जाई आणि त्या प्रत्येक वेळी न हसता यंत्राची बॅटरी तपासत.

या घरात विनोद करायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. दार उघडणाऱ्या सुनेने ‘या’ म्हणायच्या आधीच बजावलं होतं, “तुम्हीही माझ्याच डोक्यावर खापर फोडणार असाल, तर चपला काढूच नका.”

बाईंनी चपला काढल्या होत्या. आता त्या गुडघ्यांवर बसून चकाकणाऱ्या वस्तूकडे बघत होत्या. तो धातूचा पातळ पत्रा होता, कागदासारखा वाकणारा. भिंतीला चिकटवून त्यावर पुट्टीचा पातळ थर आणि वर रंग फासला होता. दोन तुकडे जोडताना त्यांच्या कडा एकमेकींत अडकवून दोनदा दुमडल्या होत्या आणि टोकाचा कोपरा तिरका छाटला होता. मोठं नीटनेटकं काम होतं. बाईंनी कोपरा धरून पत्रा सोलला, तसा असा वास सुटला की दारात उभ्या असलेल्या सुनेने नाक दाबलं. आतली भिंत काळीकुट्ट आणि बुळबुळीत होती. बोट टेकवलं तर बोटावर पाणी आलं.

“हे काय आहे?” सुनेने विचारलं.

“ओल आहे. पण मला ओलीपेक्षा या पत्र्याचा राग येतोय.” बाई उठल्या. “भिंत ओली आहे हे कोणालातरी माहीत होतं. त्याने ती दुरुस्त केली नाही, झाकली. पाण्याला इकडून वाळायची वाट राहिली नाही, म्हणून ते आजूबाजूला पसरलं आणि पत्र्याच्या चारही कडांनी बुरशी धरली. या पलंगावर कोण झोपतं?”

उशीवर सशाचं चित्र होतं.

२

हाताचा काळा चिकटा बाथरूममध्ये गरम पाण्याने खसाखसा धुऊन ओलबाई बाहेरच्या खोलीत आल्या, तेव्हा सगळं घर त्यांच्याकडे चोर सापडल्यासारखं बघत होतं.

सगळं घर म्हणजे सासरा, मुलगा, सून आणि सहा वर्षांची पिटुकली. पिटुकली आईच्या मांडीवर बसून चित्रात रंग भरत होती आणि दर दोन मिनिटांनी खोकत होती. आठ महिन्यांत तिला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हिला या दमट खोलीतून बाहेर काढा. घराने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. सून खोलीत ओले कपडे वाळत घालते, खिडक्या उघडत नाही, तिला घर ठेवता येत नाही, म्हणून पोर आजारी. तेव्हा पोरीला आत्याकडे पाठवायचं, तिकडच्याच शाळेत घालायचं. आत्या आज पाच वाजता न्यायला येणार होती. दाराशी छोटी निळी बॅग भरून तयार होती.

बॅग सुनेनेच भरली होती, कारण भांडून भांडून ती हरली होती. पण सकाळी कोणालाही न विचारता तिने ओलबाईंना फोनही केला होता. आता अडीच वाजले होते.

“बाहेरच्या माणसाला बोलवायची या घरात पद्धत नाही,” सासरे म्हणाले. गावभर त्यांना नळमिस्त्री म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे नळ बसवले, पन्हळी घडवल्या, टाक्या जोडल्या. हात काखेत दाबून ते खुर्चीत ताठ बसले होते. समोरचा चहा कधीचा निवला होता. “या घरातला एकूण एक पाइप मी स्वतः घातलाय, बाई. माझ्या नळांना दुसऱ्याचा पाना लागलेला नाही.”

“पाना नसेल लागला, पण तुमच्या भिंतीला पत्रा लागलाय,” ओलबाई म्हणाल्या. “कोणी लावला?”

सून नवऱ्याकडे बघू लागली.

“रंग कोणी दिला?”

“मी,” मुलगा म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा आणि माणसांकडेही जरा डोळे बारीक करूनच बघायचा. “रंग तेवढा मी मारला. मी ब्रश घेऊन आलो तेव्हा भिंत घासूनपुसून—”

“अरे, तिला काय पुराण सांगतोस!” सासरे एकदम कडाडले. “वरची बया दिवसभर धुणं आपटते, वाफेची इस्त्री फिरवते. पाणी खाली येणार नाही तर जाणार कुठे? आणि जे वरून येत नाही ते ही सूनबाई ओले कपडे टांगून पुरं करते. आधी वर जा, वर!”

“मी कपडे कुठे वाळत घालू?” सून उसळली. “गच्चीला कुलूप तुम्हीच लावलंत.”

“कारण गच्चीवर ती बया असते!”

“बाबा, आवाज हळू,” मुलगा म्हणाला आणि बायकोकडे वळून, “तूही गप्प बस ना जरा.”

‘जरा’ ऐकून सुनेने त्याच्याकडे असं बघितलं की ओलबाईंना वाटलं, या घरात ओलीपेक्षा जुनं काहीतरी मुरलेलं आहे. त्यांनी यंत्र उचललं आणि जिना चढल्या.

३

वरची बया म्हणजे शिवणकाम करणाऱ्या भाडेकरू बाई. तोंडात टाचण्या धरूनही त्यांना अस्खलित भांडता येत होतं.

“मी पाणी सांडते म्हणाले ना? म्हणू देत. दीड वर्ष म्हणताहेत. बघा की फरशी. बघा, बघा! एक थेंब सापडला तर मी मशीन विकते.”

ओलबाईंनी फरशी बघितली, तिची सांध यंत्राने तपासली, बाथरूमच्या कडा बोटांनी चाचपल्या. सगळं खडखडीत कोरडं होतं. खालच्या खोलीचं छतही त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं. छतावर डाग नव्हता, ओघळ नव्हता. ओल जमिनीपासून कमरेपर्यंत चढून थांबली होती. वरून येणारं पाणी छत टाळून थेट कमरेशी उतरत नाही.

“खिडकी उघडू का?” त्यांनी विचारलं.

खिडकीबाहेर पन्हळ होती, छपराच्या कडेने दूरवर गेलेली. बाई वाकून बराच वेळ तिच्या जोडांकडे बघत राहिल्या. कडा एकमेकींत अडकवून दोनदा दुमडलेल्या होत्या. टोकाचा कोपरा तिरका छाटलेला.

“ही कोणी केली?”

“दुसरं कोण करणार? म्हातारबुवांनीच. बाहेरच्याचा हात लागला तर घर विटाळेल ना यांचं.” शिवणवाल्या बाईंनी टाचणी थुंकली. “पण एक सांगते. माणूस कामाला पक्का हो. नातीवर जीव टाकतो. पोर खोकायला लागली की रात्रभर उशाशी बसून असतो. त्या सुनेचा छळ करतो ती गोष्ट वेगळी.”

ओलबाई खाली आल्या त्या थेट नळमिस्त्रींसमोर उभ्या राहिल्या.

“काका, तुमच्या वरच्या बाई निर्दोष आहेत. ओल जमिनीतूनही आलेली नाही. जमिनीतली ओल भिंतीवर मिठासारखी पांढरी भुकटी सोडते, इथे चिमूटभर नाही. आणि बाकी तिन्ही भिंती कोरड्या आहेत. राहिला एकच संशयित. त्या भिंतीतून पाइप जातो?”

बाई आता काय ऐकावं लागणार म्हणून सरसावून उभ्या होत्या. पण म्हातारा चक्क हसला.

“जातो की. गिझरचा. मीटर बघा ना! सगळे नळ बंद करा आणि मीटरकडे बघा. पाइप गळत असेल तर मीटरमधलं ते छोटं चाक फिरेल. फिरलं तर मिशी उतरवून देतो.”

गुन्हेगार स्वतःच्या घराची झडती घ्या म्हणून मागे लागत नाहीत. ओलबाईंचा सगळा संशय तिथल्या तिथे डळमळला.

४

“नळ मी बंद करून येतो,” नळमिस्त्री खुर्चीतून उठत म्हणाले. “माझ्या घरात कुठे काय आहे ते तुम्हाला जन्मात सापडायचं नाही.”

त्यांना यायला चांगली सात-आठ मिनिटं लागली. वरून शिवणवाल्या बाईंनीही आपले नळ आवळले आणि तसं खिडकीतून ओरडून सांगितलं. फाटकाजवळच्या मीटरपाशी ओलबाई उकिडव्या बसल्या. शेजारी मुलगा डोळे बारीक करून बसला. काचेखालचं इवलंसं लाल चाक स्थिर होतं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. अर्धा तास झाला. चाक तसूभर हललं नाही.

ओलबाईंच्या आयुष्यात असा अर्धा तास फारसा आला नव्हता. वरचं पाणी सुटलं. जमिनीचं सुटलं. कपड्यांच्या दमटपणाचं म्हणावं, तर तो आधी खिडकीच्या काचांवर आणि बाहेरच्या गार भिंतींवर बसतो. ही भिंत घराच्या मधली, आणि काचा तर लखलखीत कोरड्या. आता पाइपही सुटला. चारही संशयित हात हलवत निघून गेले आणि भिंत मात्र ओलीच्या ओली.

“झालं समाधान?” सासरे दारातून म्हणाले. “मी सांगतो ओल कोणाची ते. हिची. दिवसभर दारं लावून बसते, दोऱ्या बांधते, आणि वर बाहेरची माणसं आणून आमची अब्रू चव्हाट्यावर मांडते.”

सून पायरीवर उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता. तो बघून ओलबाईंना आपल्या यंत्राची, शिक्षणाची आणि पाटीचीही लाज वाटली.

तेवढ्यात फाटक वाजलं. पाच वाजायला अजून पाऊण तास होता, पण पिटुकलीची आत्या लवकर आली होती. उंच, टापटीप, कपाळावर आठी घेऊनच जन्मलेली बाई.

“बॅग कुठाय, वहिनी?” तिने चपला न काढताच विचारलं. “आणि या कोण?”

“ओल शोधायला आल्या होत्या,” सासरे म्हणाले. “सापडली नाही. निघाल्यात.”

५

ओलबाईंनी सामान आवरलं. एक चप्पल पायात घातली. आतून आत्याचा आवाज येत होता, शाळेचं, डब्याचं, ‘माझ्या घरी कशी स्वच्छ हवा आहे’ त्याचं. मग पिटुकलीचा आवाज आला. “आई, तू कुठे झोपणार तिकडे?”

सुनेने पोरीला उचललं आणि निघण्याआधी तिचं तोंड धुवायला बाथरूममध्ये नेलं. नळाची चावी फिरवल्याचा कुरकुर आवाज आला, आणि पाठोपाठ सुनेचा बांध फुटला.

“आता गरम पाणीही मेलं का या घरातलं? एक थेंब येत नाहीये!”

“पाइपात हवा धरली असेल!” नळमिस्त्री ताडकन उठले. दुपारभर ज्यांनी खुर्ची सोडायची म्हणजे उपकार केल्यासारखी सोडली, ते आता जवळजवळ धावत निघाले. “तुम्ही सगळे इथेच थांबा. मी बघतो. दोन मिनिटं.”

दुसरी चप्पल हातात धरून ओलबाई दारात गोठल्या. अडीच वाजता त्यांनी त्याच नळाच्या गरम पाण्याने हात धुतले होते. त्यानंतर बाथरूममध्ये एकच माणूस गेला होता. नळ बंद करायला.

“काका,” त्या म्हणाल्या, “एक पाऊल पुढे टाकू नका.”

म्हातारा थांबला. बाई एका पायात चप्पल, एका हातात चप्पल अशाच तरातरा आत शिरल्या. बाथरूमची आणि पोरीच्या खोलीची भिंत एकच होती. त्या भिंतीवर गिझर होता, आणि गिझरला पाणी घालणाऱ्या पाइपवर पितळी कॉक. त्याची दांडी आडवी होती. म्हणजे बंद. गिझरला पाणीच जात नव्हतं.

“तुम्ही मीटरपाशी जा,” त्यांनी मुलाला फर्मावलं. “घरातले आणि वरचे सगळे नळ परत बंद करा. चाक हललं की ओरडा, थांबलं की ओरडा. आणि डोळे नीट उघडून बघा, चष्मेवाले.”

सगळ्यांच्या देखत त्यांनी दांडी सरळ केली. पाइपातून पाणी सळसळत गेलं.

“फिरतंय!” बाहेरून ओरड आली.

“रिकामा पाइप भरतोय,” सासरे म्हणाले. त्यांचा आवाज आता बसला होता. “पाइप भरताना चाक फिरणारच.”

“बरोबर. भरला की थांबायलाही हवं.” ओलबाई घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. एक मिनिट. तीन मिनिटं. पाच.

“अजून फिरतंय!” मुलगा ओरडला. या वेळी त्याच्या आवाजात प्रश्न होता. “सगळे नळ बंद आहेत, मग हे फिरतंय कसं?”

बाईंनी दांडी आडवी केली.

“थांबलं.”

६

“पाइप तुमच्या नातीच्या उशाशी गळतोय,” ओलबाई म्हणाल्या. आता सगळे त्या पिस्ता खोलीत उभे होते, ओढलेल्या पलंगाभोवती. “दीड वर्षापासून. रोज थोडा. कॉक बंद केला की गळती बंद, म्हणून मघाशी चाक हललं नाही. नळ बंद करायला आत कोण गेलं होतं ते सगळ्यांनी बघितलंय. परत उघडायचं ते मात्र विसरले, कारण ताई लवकर आल्या.”

“नुसता हात लागला असेल,” आत्या म्हणाली. “बाबांचं वय झालंय. कॉकचं काय घेऊन बसलात?”

“मग पत्र्याचं घेऊ.” बाईंनी सोललेला तुकडा पुढे केला. “हा जोड बघा. कडा एकमेकींत अडकवून दोनदा दुमड, कोपरा तिरका छाट. आता वरच्या खिडकीतून तुमची पन्हळ बघून या. शिवणवाल्या बाईंना असा जोड येत नाही. तुमच्या भावाला येत नाही. आणि तुम्ही, भाऊ, मघाशी सांगत होतात, ब्रश घेऊन आलात तेव्हा भिंत तयार होती. कोणी तयार केली होती? ते वाक्य तुम्हाला पुरं करू दिलं नाही.”

मुलगा बापाकडे बघत होता. डोळे बारीक न करता. “बाबांनी. म्हणाले, भिंत मी लेपतो, तू फक्त रंग मार.”

“बाबा?” आत्याने विचारलं.

नळमिस्त्री पलंगाच्या कडेवर बसले. काखेतले हात त्यांनी बाहेर काढले आणि गुडघ्यांवर ठेवले. दोन्ही हात थरथरत होते. थोडेथोडके नाही, गुडघ्यांवर ठेवूनही राहत नव्हते. दुपारभर चहाचा कप का उचलला गेला नाही ते ओलबाईंना आत्ता कळलं.

“जोड नीट आवळला गेला नाही,” ते म्हणाले. “तेव्हा नुकतं सुरू झालं होतं हातांचं. वाटलं, थोडं पाझरतंय, पत्रा लावून टाकू. घरात कोणी नसताना भिंत फोडू आणि नीट करू. पण घरात कोणी नाही असं कधी झालंच नाही. आणि पाना धरला की हात असे. मग पोर आजारी पडली.”

“तेव्हा का नाही बोललात?” मुलाचा आवाज फाटला.

“आधी सांगवलं नाही. मग सांगायला तोंड राहिलं नाही.”

सून इतका वेळ पोरीला कडेवर घेऊन उभी होती. ती रडेल असं सगळ्यांना वाटलं असावं, कारण आत्याने हात पुढे केला. सुनेने तो झटकला.

“रात्र रात्र तिच्या उशाशी बसलात,” ती सासऱ्यांना म्हणाली. “तिचा श्वास घरघरताना ऐकलात. आणि सकाळी उठून मला म्हणालात, तुझे ओले कपडे. माझं पोर माझ्यापासून तोडायला निघालात, बाबा! एका जोडासाठी!”

“मला माहीत नव्हतं गं,” मुलगा पुटपुटला.

“माहीत नव्हतं, खरं आहे. विचारलंही नाहीस. त्यांनी म्हटलं आणि तू मानलंस.” त्यापुढे तिला नवऱ्याशी बोलायचं नव्हतं. ती ओलबाईंकडे वळली. “आता काय करायचं ते सांगा. स्पष्ट सांगा.”

“गिझरचा कॉक बंदच ठेवा. आज पाइपवाला बोलवा. कामातला, हात स्थिर असलेला. भिंत फोडून जोड बदलेल. मग प्लास्टर विटांपर्यंत काढायचं आणि भिंत उघडी ठेवायची. वाळायला महिने लागतात, घाई करून रंग दिलात तर मी स्वतः येऊन खरवडेन. बुरशी फडक्याने पुसायची नाही, त्याची माणसं वेगळी असतात, नंबर देते. तळाची लाकडी पट्टी बघा.” त्यांनी बोटाने दाबली तसा तिचा भुगा पडला. “इतकं झालं की ते घरच्या घरी निस्तरायचं काम राहत नाही. आणि तोवर पोर या खोलीत झोपायची नाही. एक रात्रही नाही. घरात कोरडी खोली कोणती?”

“माझी,” नळमिस्त्री म्हणाले. “उन्हाची आहे.”

“मग आजपासून ती तिथे झोपेल. माझ्याजवळ,” सून म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

“आणि मी इतक्या लांबून आले ती?” आत्या म्हणाली खरी, पण तिचा ठसका पार उतरला होता. ती बाहेर गेली आणि निळी बॅग उचलून उन्हाच्या खोलीत ठेवून आली.

मुलाने खिशातून फोन काढला. “मी लावतो पाइपवाल्याला.”

“तू नाही,” सून म्हणाली. फोन तिने त्याच्या हातातून घेतला, पेठेतल्या पाइपवाल्याचा नंबर लावला आणि आवाज मोठा करून सासऱ्यांपुढे धरला. “बाबा बोलतील.”

म्हाताऱ्याने फोन घ्यायला हात उचलला. हाताने ऐकलं नाही. सुनेने फोन त्यांच्या तोंडाशी धरला.

“बोला,” पलीकडून खणखणीत तरुण आवाज आला.

“भिंतीत पाइप गळतोय. गिझरचा. आज यायला हवं.”

“जुनं काम आहे का?”

“दीड वर्षाचं.”

“दीड वर्षात गळलं?” पलीकडचा माणूस मनमोकळा हसला. “कोणत्या गाढवाने केलं होतं हो?”

मुलाने मान फिरवली. आत्या खिडकीबाहेर बघू लागली. पिटुकली आईच्या खांद्यावरून आजोबांकडे बघत होती.

“मी,” ते म्हणाले. “नळमिस्त्री बोलतोय. मीच केलं होतं.”

पलीकडचं हसू थांबलं.

“काका… तुम्ही? तुमच्या घरी?”

“हो. मला आता जमत नाही. तू ये. नात आजारी पडलीय त्याने.”

“लगेच येतो काका. पत्ता सांगा.”

घराचा क्रमांक सांगताना ते दोनदा चुकले. सुनेने मदत केली नाही आणि फोनही खाली घेतला नाही. पत्ता पुरा सांगून होईपर्यंत ती तो त्यांच्या तोंडाशी धरून उभी राहिली.